मानेतली गाठ, टीबीच्या गोळ्या आणि "लिम्फोमा" हे अर्धवट नाव

लालबागची_सई
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने फक्त वाचत होते. आज लिहायला बसले त्याचं कारण असं. गेल्या आठवड्यात परळला तपासणीच्या रांगेत शेजारी एक बाई बसल्या होत्या, साताऱ्याकडच्या. बोलता बोलता त्यांनी मुलाची फाइल माझ्या हातात दिली. आत सुईच्या तपासणीचा एक कागद, त्यावर दोन ओळी, आणि त्या दोन ओळींच्या भरवशावर पाच महिने चाललेली टीबीची औषधं. माझ्या भावाची फाइल अगदी अशीच होती.

भाऊ २६ वर्षांचा. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी दाढी करताना त्याला मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरबोनच्या जरा वर गाठ लागली. दुखत नव्हती. आई म्हणाली अवधाण असेल, दाढ किडली असेल. गुळण्या झाल्या, अँटिबायोटिक झालं, गाठ तशीच. मग एका डॉक्टरांनी सुई घालून पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला: ग्रॅन्युलोमा दिसतात, टीबीची शक्यता. टीबीचे जंतू दिसले नव्हते, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू. लघवी नारिंगी व्हायला लागली तसं आईला वाटलं, चला, औषध लागू पडतंय. (तो रिफॅम्पिसिनचा रंग असतो, टीबी असो वा नसो, हे नंतर कळलं.) पहिल्या महिन्यात गाठ थोडी बसलीसुद्धा, म्हणून आम्ही निर्धास्त झालो.

नोव्हेंबरपासून त्याला सर्वांगाला खाज. पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. आम्ही घामोळं समजून पावडर लावत होतो. मग घाम. मुंबईत घाम कुणाला येत नाही? म्हणून तेही अंगावर काढलं. पण जानेवारीत पंखा पूर्ण वेगात असताना सकाळी त्याच्या उशीची खोळ मी हातात धरून पिळली आणि पाणी निघालं, तेव्हा मी घाबरले. तोवर वजन ६४ वरून ५६ किलोवर आलं होतं आणि गाठी तीन झाल्या होत्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी मान चाचपली, जुने कागद वाचले आणि एकच विचारलं, "अख्खी गाठ काढून कुणी बघितली का?" नव्हती बघितली. छोटी शस्त्रक्रिया झाली, संध्याकाळी घरी. बारा दिवसांनी पूर्ण नाव हातात आलं: क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, मिक्स्ड सेल्युलॅरिटी. म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचा एक प्रकार. आता केमो चालू आहे, दुसऱ्या सायकलनंतरचा पेट स्कॅन चांगला आलाय. पण ते चार महिने फुकट गेले आणि त्या काळात आजार मानेतून छातीत उतरला.

मला एवढंच सांगायचंय. गाठीचं पूर्ण नाव कळल्याशिवाय औषध सुरू करू नका. "टीबी असेल, बघू गोळ्या देऊन" हे नाव नव्हे. आणि "लिम्फोमा आहे" हेही अर्धंच नाव आहे, कारण लिम्फोमाचे डझनावारी प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा. वाचणारे पुष्कळ असतील.

---

अनघा_डोंबिवली
सोमवार, रात्री ११:२५

सईताई, वाचून हातपाय गार पडले. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. मानेत उजवीकडे दोन महिन्यांपासून गाठ, साधारण मोठ्या बोराएवढी. ताप अधूनमधून. आज सुईचा रिपोर्ट आलाय, त्यात तुमच्यासारखाच तो ग्रॅन्युलोमा शब्द आहे. डॉक्टर म्हणतात उद्यापासून टीबीचं सुरू करू. आता मी काय करू? नाही म्हणू का?

---

डॉ_सूक्ष्मदर्शी
मंगळवार, सकाळी ६:५०

अनघाताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे काढलेले तुकडे आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर. इथे बसून निदान करता येणार नाही, पण आज डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगतो. लहान मुलांच्या मानेतल्या गाठी बहुतेकदा साध्या संसर्गाच्या असतात, आणि आपल्याकडे त्यात टीबी खरोखर खूप आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी पाव हिस्सा एकट्या भारतात आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा अंदाज चुकीचाच असेल असं नाही. फक्त तो अंदाज आहे, पुरावा नाही.

ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरातल्या संरक्षक पेशींनी एखाद्या गोष्टीला घातलेलं कोंडाळं. ते टीबीत असतं, सारकॉइडोसिस नावाच्या दुसऱ्या एका आजारात असतं, आणि हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीतही असू शकतं. म्हणून नुसत्या त्या शब्दावर थांबू नका. सुई पुन्हा घालून त्या नमुन्याची सीबीनॅट तपासणी आणि टीबीचं कल्चर करता येतं. सीबीनॅटमध्ये जंतूचा डीएनए सापडला तर टीबी पक्का, शिवाय रिफॅम्पिसिन चालेल का तेही त्याच तपासणीत कळतं. निकाल एक-दोन दिवसांत येतो. सरकारी केंद्रात ती मोफत होते. जंतू सापडला नाही आणि गाठ कमी होत नसेल, तर मात्र गाठ काढायला सांगा.

सईताई, तुमचा राग समजतो, पण सुई वाईट नाही हो. सुईचा निकाल जिथे संपतो तिथून पुढे न जाणं वाईट. कर्करोग दुसरीकडून गाठीत आला असेल तर तो सुईत बऱ्याचदा पकडला जातो. टीबीचे जंतू पकडले जातात. लिम्फोमा मात्र सुईतून नेमका ओळखणं अवघड, आणि का ते आज रात्री सविस्तर लिहितो.

दोन गोष्टी मात्र आत्ताच लिहितो. एक, निदानाआधी सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडची गोळी घेऊ नका. लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने भराभर मरतात, गाठ चार दिवस बसते आणि मग काढलेल्या तुकड्यात काहीच वाचता येत नाही. दोन, आडवं झाल्यावर दम लागत असेल, चेहरा किंवा मान सुजली असेल, तर धागा वाचत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जा. छातीतली गाठ श्वासनळी आणि मोठ्या शिरेवर दाब देत असू शकते.

---

मेणाचा_ठोकळा
मंगळवार, दुपारी २:१०

मी ३१ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होतो, आता निवृत्त. डॉक्टर सिद्धान्त सांगतीलच, मी टेबलावरचं सांगतो, कारण अर्धं निदान तिथे बिघडतं.

गाठ ऑपरेशन थिएटरमधून येते तेव्हा ती शेंगेतल्या वालासारखी दिसते, वरून गुळगुळीत. टीबीची असेल तर कापल्यावर मध्ये पिवळट, पनीर कुस्करल्यासारखं निघू शकतं. लिम्फोमाची बऱ्याचदा कापल्यावर एकसारखी पांढुरकी, ताज्या माशाच्या मांसासारखी. पण डोळ्यांवर कुणी रिपोर्ट देत नाही.

ती ताजी असतानाच मधोमध कापली पाहिजे. कापलेली बाजू काचेवर हलकेच टेकवून इम्प्रिंट घ्यायचा. एक तुकडा सलाइनमध्ये, टीबीच्या कल्चरसाठी. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं: सलाइनमध्ये, फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावणात) नाही. फॉर्मॅलिनमध्ये पडला की जंतू मेला, मग कल्चरमध्ये काही उगवणार नाही आणि रिपोर्ट येईल "वाढ नाही". माझ्या नोकरीत अशा शेकडो बाटल्या आल्या. अख्खी गाठ एकाच बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये, आणि फॉर्मवर लिहिलेलं "टीबी कल्चर करावे". नातेवाइकांनी शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनना फक्त एवढं विचारलं तरी पुरे: साहेब, बाटल्या दोन आहेत ना?

उरलेल्या गाठीचे दोन-तीन मिलिमीटरचे काप करून फॉर्मॅलिनमध्ये. ते आत हळूहळू मुरतं, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. न कापता अख्खी गाठ बुडवली तर बाहेरून पक्की, आतून कच्ची राहते आणि मधल्या पेशी सडतात. बाटलीही मोठी हवी, तुकड्याच्या दहा पट द्रावण. गाठ कोंबून भरलेली बाटली बघितली की आम्हाला वाईट वाटायचं, कारण त्या माणसाची ती गाठ पुन्हा मिळणार नसते.

मग अल्कोहोल, झायलिन, आणि शेवटी वितळलेलं मेण. मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, तयार झाला की तो बर्फावर गार करायचा, मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला, लावायचा आणि तीन-चार मायक्रॉनची कापं काढायची. पात्याला धार नीट असेल तर कापांची सलग रिबन निघते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप उलगडतात, खालून काच घालून उचलायची. मे महिन्यात वीज गेली की मेण मऊ पडायचं, रिबन गोळा व्हायची आणि आम्ही बर्फासाठी धावायचो. रंगवल्यावर पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. तिथून पुढे डॉक्टरांचं काम.

म्हणून रिपोर्टला आठ-दहा दिवस लागले तर चिडू नका. वरच्या अँटिबॉडीच्या तपासण्या, ज्याला आम्ही आयएचसी म्हणतो, त्या पहिल्या काचा बघून झाल्यावर ठरतात. त्यांच्यासाठी पुन्हा ब्लॉक कापावा लागतो.

---

डॉ_सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री ९:३०

काका, सलाइनची गोष्ट लिहिलीत ते फार बरं केलंत.

आता सुई का अपुरी पडते ते. निरोगी किंवा संसर्गाने सुजलेल्या गाठीला आतून एक रचना असते. गोल गोल वस्त्या, त्यांच्या मध्ये उजळ केंद्र, भोवती गडद कडा, मधून वाटा. गणपतीतल्या चाळीसारखं समजा: गर्दी प्रचंड, पण खोल्या, गॅलऱ्या, जिने जागच्या जागी. लिम्फोमात भिंतीच जातात, किंवा एकाच घरातली माणसं सगळ्या मजल्यांवर पसरतात. सुईने आपण त्या चाळीतली शे-दोनशे माणसं बाहेर ओढून रस्त्यावर उभी करतो. माणसं दिसतात, चाळ दिसत नाही. जाड सुईची कोअर बायोप्सी त्याहून बरी, आणि गाठ पोटात खोल असेल तर तीच करावी लागते. पण मानेत, काखेत हाताला लागणारी गाठ असेल तर अख्खी काढलेली उत्तम. जांघेतली शक्यतो टाळतो, तिथल्या गाठी पायाच्या बारीकसारीक जखमांनी आधीच सुजलेल्या असतात.

हॉजकिनमध्ये अडचण आणखी मोठी. तिथे खऱ्या कर्करोगाच्या पेशी, रीड-स्टर्नबर्ग पेशी, गाठीत अगदी तुरळक असतात, अनेकदा शंभरात एकही भरत नाही. बाकी सगळी साध्या, निरोगी पेशींची गर्दी. दोन केंद्रकं, त्यात ठळक लाल ठिपके, घुबडाच्या डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या या पेशी. सुईच्या टोकाला त्या आल्या नाहीत आणि शेजारचा ग्रॅन्युलोमा आला, तर सईताईंच्या भावासारखी फाइल तयार होते.

या आजाराचं नाव पडलं तेव्हा तर पेशी कुणी पाहिल्याच नव्हत्या. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली सुजलेल्या लसीकाग्रंथी आणि प्लीहा असलेल्या सात रुग्णांचं वर्णन केलं, नुसत्या डोळ्यांनी पाहून. १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी त्या आजाराला हॉजकिनचं नाव दिलं. त्या विशिष्ट पेशीचं नेमकं वर्णन कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये केलं. स्टर्नबर्ग यांना तर हा टीबीचाच एक प्रकार वाटत होता. त्यांच्या रुग्णांत टीबी इतका होता की दोन्ही एकत्र दिसायचे. सव्वाशे वर्षांनी आपण मुंबईत त्याच जागी अडखळतो. आणि ती पेशी मुळात बी-पेशी आहे (बी आणि टी हे संरक्षक पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) हे पक्कं व्हायला १९९० चं दशक उजाडलं. तोवर सगळे "हॉजकिन्स डिसीज" म्हणत, त्यानंतर "हॉजकिन लिम्फोमा" हे नाव रूढ झालं.

बाकीचे लिम्फोमा, ज्यांना एकत्रितपणे नॉन-हॉजकिन म्हणतात, त्यांची वर्गवारी हा वेगळाच गोंधळ होता. रॅपापोर्ट यांची पद्धत होती, १९७४ मध्ये जर्मनीतून कील पद्धत आणि अमेरिकेतून ल्यूक्स-कॉलिन्स पद्धत आली. १९८२ मध्ये या सगळ्यांचा मेळ घालायला "वर्किंग फॉर्म्युलेशन" आलं. एकच काच, पण लंडनला एक नाव, शिकागोला दुसरं. १९९४ मध्ये "रिअल" नावाच्या वर्गीकरणाने दिशा बदलली. पेशी दिसायला लहान की मोठी एवढ्यावर न थांबता ती कुठल्या मूळ पेशीपासून आली, तिच्या अंगावर कोणती प्रथिनं आहेत, जनुकांत काय बदल आहे आणि रुग्णात आजार कसा वागतो, हे सगळं मिळून एक आजार ठरवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये तेच तत्त्व घेतलं. २०२२ मध्ये पुन्हा दोन वर्गीकरणं आली, संघटनेची पाचवी आवृत्ती आणि तज्ज्ञांच्या गटाचं आयसीसी. म्हणून तुमच्या दोन रिपोर्टांत नावात थोडा फरक दिसला तर लगेच कुणी चुकलं असं धरू नका, आधी विचारा.

रिपोर्टातल्या त्या सीडीच्या यादीबद्दल बरेच जण विचारतात. सीडी म्हणजे पेशीच्या अंगावरचं ओळखचिन्ह. सीडी२० असेल तर बहुधा बी-पेशी, सीडी३ असेल तर टी-पेशी. क्लासिकल हॉजकिनमध्ये सीडी३० आणि बहुतेकदा सीडी१५ उमटतात, सीडी४५ उमटत नाही. बीसीएल२ हे माझं आवडतं उदाहरण. संसर्गाने सुजलेल्या गाठीच्या गोल केंद्रांत ते नसतं, फॉलिक्युलर लिम्फोमाच्या गोलांत बहुतेकदा असतं. दिसायला दोन्ही गोल सारखे, आणि एका तपकिरी रंगाच्या डागावर निर्णय फिरतो. सायक्लिन डी१ हे प्रथिन दिसलं की बहुधा मॅन्टल सेल लिम्फोमा. केआय-६७ म्हणजे शेकडा किती पेशी वाढीच्या मार्गावर आहेत. बर्किट लिम्फोमात तो जवळजवळ १०० असतो.

आणि याचा थेट संबंध औषधाशी आहे. रिटुक्सिमॅब हे औषध सीडी२० ला जाऊन चिकटतं. टी-पेशींच्या लिम्फोमात सीडी२० नसतं, तिथे त्याचा उपयोग नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये विकसित झालेली नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात ती), जिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती सीडी१९ शोधत जाते. चिन्ह माहीतच नसेल तर बाण कुठे मारणार?

---

किनाऱ्यावरून
बुधवार, सकाळी ८:१५

डॉक्टर, फॉलिक्युलरबद्दल लिहिलंत म्हणून माझ्या बाबांचं सांगतो. वय ६८, दादरला राहतात. फॉलिक्युलर लिम्फोमा, ग्रेड १-२, तिसरी स्टेज. रिपोर्ट घेऊन गेलो तर डॉक्टर म्हणाले, सध्या औषध नाही, तीन महिन्यांनी या. घरात मोठं वादंग झालं. काका म्हणाले, कॅन्सर आहे आणि औषध नाही असं कुठे असतं का, दुसरीकडे चला. मला स्वतःला दोन रात्री झोप नव्हती.

दुसरं मत घेतलं. तेच मिळालं. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास बसवून समजावलं: हा संथ चालणारा प्रकार आहे, त्रास नसताना लवकर केमो देऊन आयुष्य वाढत नाही, त्रास सुरू झाला की उपचार आहेतच. दोन वर्षं झाली. बाबा रोज शिवाजी पार्कला चालायला जातात. गाठी आहेत, कमीजास्त होतात. मध्येच एखादी झपाट्याने वाढली किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं हे आम्हाला बजावलंय, कारण हा आजार पुढे वेगवान प्रकारात बदलू शकतो आणि मग पुन्हा तुकडा काढून बघावा लागतो.

उलट माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला डिफ्यूज लार्ज बी सेल झाला होता. त्यांना सांगितलं होतं की यात आठवडे मोजायचे असतात, महिने नाहीत. आर-चॉप या औषधांच्या संचाची सहा सायकल झाली, आता चार वर्षं ठणठणीत. दोघांनाही लोक "लिम्फोमा" म्हणतात. म्हणून सईताई, "अर्धवट नाव" हा शब्द मला फार पटला.

---

नेहा_ठाणे
बुधवार, दुपारी १२:४०

माझ्या नवऱ्याचा पेट स्कॅन झालाय, "स्टेज ४" लिहिलंय. मी कालपासून रडतेय. प्रकार हॉजकिन. स्टेज ४ म्हणजे संपलं का?

---

लालबागची_सई
बुधवार, दुपारी १:०५

नेहा, नाही. संपलं नाही. आधी पाणी पी. मी ऑफिसमधून लिहितेय, थोडक्यात सांगते, बाकी डॉक्टर सांगतील.

आपल्या डोक्यात स्टेज ४ म्हणजे फुप्फुसाचा, यकृताचा कॅन्सर असतो. लिम्फोमात तसं नाही. लसीका मुळातच अंगभर फिरते. स्टेज म्हणजे आजार कुठे कुठे आहे त्याचा नकाशा. एका भागातल्या गाठी म्हणजे १, श्वासपटलाच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) एकाच बाजूला दोन किंवा जास्त भाग म्हणजे २, वर-खाली दोन्हीकडे म्हणजे ३, आणि हाडांची मज्जा, यकृत, फुप्फुस अशा गाठींबाहेरच्या जागी पसरला म्हणजे ४. ही पद्धत १९७१ ची अ‍ॅन आर्बरची, २०१४ मध्ये लुगानोला सुधारली. पुढे ए किंवा बी लावतात. ३८ अंशांवरचा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं, यातलं काही असेल तर बी. माझ्या भावाचं बी होतं. हॉजकिनमध्ये चौथ्या स्टेजचेही बहुसंख्य रुग्ण बरे होतात. हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना तीन वेळा विचारलं होतं.

आणि एक, केमो सुरू होण्याआधी पुढे मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल आजच विचार. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही, आणि नंतर विचारून उपयोग नसतो.

---

डॉ_सूक्ष्मदर्शी
बुधवार, रात्री १०:१०

नेहाताई, सईताईंनी बरोबर सांगितलंय. पेट स्कॅनबद्दल थोडी भर. भारतातलं पहिलं पेट यंत्र २००२ मध्ये परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं, तेव्हापासून मुंबईत लिम्फोमाची तपासणी पार बदलली. किरणोत्सारी साखर टोचतात, ती जास्त साखर खाणाऱ्या पेशींत जमते. त्या साखरेची तीव्रता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणून वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं. लोकल उशिरा आली म्हणून धावत जिने चढून जाऊ नका, स्नायूंतही ती साखर जाते आणि चित्र बिघडतं. हॉजकिनमध्ये आता पेट नीट झाला असेल तर बहुतेकांना कमरेच्या हाडातून मज्जेचा तुकडा काढावा लागत नाही.

पण पेटवर निदान करायचं नाही. टीबीची गाठही तशीच उजळते. पेट सांगतो कुठून तुकडा घ्यायचा आणि आजार कुठवर आहे. नाव सांगतो तो तुकडाच. उपचारानंतर १ ते ५ असा डोव्हिल स्कोअर लिहून येतो. त्यात छातीच्या मध्यातलं रक्त आणि यकृत यांच्याशी तुलना असते, १ ते ३ सहसा समाधानकारक.

---

परळची_वाट
गुरुवार, सकाळी ७:२०

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी लिहितो, मी गेली सहा वर्षं अशा रुग्णांना सोबत करतो. टाटाला (१९४१ पासूनचं आहे, सगळे नुसतं टाटाच म्हणतात) पहिल्यांदा जाताना फक्त रिपोर्ट नेऊ नका. आधी जिथे तुकडा तपासला तिथून मेणाचा ब्लॉक आणि काचा घेऊन जा. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतात, आणि ते बघितल्याशिवाय उपचार सुरू करत नाहीत. ब्लॉक नसेल तर माणूस पुन्हा सोलापूरला जाऊन येतो, आठवडा जातो. ब्लॉक मागायला संकोच करू नका. अर्ज द्या, सही करून घ्या. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. काचा कागदात गुंडाळून डब्यात.

राहण्यासाठी दादरला गाडगेमहाराजांची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते. जागा मिळेलच असं नाही, म्हणून रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागदही तिथेच विचारा. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीसकट आणा.

---

मेणाचा_ठोकळा
गुरुवार, सकाळी ९:००

परळची वाट, ब्लॉकबद्दल एक पुस्ती. ब्लॉक नेला की पावती जपून ठेवा आणि काम झालं की परत मिळतो का ते विचारा. दहा वर्षांनी पुन्हा गरज पडते. माझ्या हातून जुने ब्लॉक काढून नव्याने आयएचसी केलेल्या केसेस आहेत, ज्यांत पहिलं नाव बदललं. मेणात नीट बसलेली गाठ वर्षानुवर्षं टिकते.

---

अनघा_डोंबिवली
पुढच्या मंगळवारी, सायंकाळी ६:३०

सगळ्यांना आधी नमस्कार. मी डॉक्टरांकडे गेले आणि डॉ. सूक्ष्मदर्शींनी लिहिलं तसंच विचारलं. वाटलं होतं चिडतील. नाही चिडले. म्हणाले, विचारलंत ते बरोबर आहे. सुई पुन्हा घातली, नमुना सीबीनॅटला आणि कल्चरला दिला. निकाल आला: टीबीचा जंतू सापडला, रिफॅम्पिसिन चालणारा. कल्चर यायला काही आठवडे लागतील. गाठ काढावी लागली नाही. वजन करून त्यावर गोळ्या ठरवल्या, आजपासून सुरू, सहा महिने. टीबीच निघाला, पण आता मला माहीत आहे की तोच आहे.

एक विचारायचं होतं, गाठ मध्येच वाढली तर?

---

डॉ_सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री ९:४५

फार बरं झालं, अनघाताई. टीबीच्या गाठी उपचार चालू असताना काही वेळा मोठ्या होतात, नवीनही येतात, आणि तरी औषध काम करत असतं. जंतू मरताना शरीर जोरात प्रतिकार करतं म्हणून. तेव्हा घाबरून गोळ्या बंद करू नका, दाखवून या. जंतू सिद्ध झालेला असल्यामुळे डॉक्टर ते वेगळ्या नजरेने बघतील. सिद्ध झाला नसता तर तीच वाढ काळजीची ठरली असती. भूक गेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी जा, यकृताची तपासणी लागेल.

---

लालबागची_सई
मंगळवार, रात्री १०:२०

अनघाताई, किती बरं वाटलं म्हणून सांगू. आणि डॉक्टर, सुईबद्दल मी पहिल्या दिवशी रागात लिहिलं होतं, तुमचं म्हणणं मान्य आहे. भावाची उद्या चौथी सायकल. खाज पूर्ण गेली आहे, वजन ६० वर आलंय.

---

अनघा_डोंबिवली
मंगळवार, रात्री १०:५०

भावाला आमच्या सगळ्यांकडून शुभेच्छा, सईताई. लेकीने स्वतःच एक वही केली आहे. दर रविवारी आरशासमोर उभी राहून कंपासपेटीतल्या पट्टीने गाठ मोजणार आणि लिहून ठेवणार म्हणते. पहिली नोंद आजच केली: २.८ सेंमी.